नऊ तारखेला आणखी पाऊण तास

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत 'प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियाना'त गर्भवतींची मोफत तपासणी होते. २०१६ पासून हे सुरू आहे आणि खेड्यापाड्यांतल्या बायकांना ही तारीख आता पाठ झाली आहे. आमची मागणी एवढीच, की त्या दिवशी तपासणी उरकल्यावर, ज्यांचा आधी आपोआप गर्भपात झाला आहे अशा गर्भवतींना दार लावता येईल अशा एका खोलीत पाऊण तास एकत्र बसू द्यावं. हे पत्र आम्ही काही परिचारिका, समुपदेशक आणि आशा मिळून लिहीत आहोत. असे गट कसे चालतात, कुठे अडतात आणि कशाने मोडतात, हे नीट मांडलं तर आणखी कुणी ते सुरू करील, या आशेने सविस्तर लिहीत आहोत.

तपासणीच्या रांगेत या बायका ओळखू येत नाहीत. त्यांच्या माता व बाल संरक्षण कार्डावर 'ए १' किंवा 'ए २' (म्हणजे आधी एक किंवा दोन गर्भपात) असं लिहिलेलं असतं, एवढीच खूण. काही ठिकाणी तेही रांगेतच मोठ्याने वाचलं जातं, "हिचं मागचं खाली झालंय" म्हणून. मग पुढचा तासभर ती बाई मान वर करत नाही. समजून आलेल्या दर १०० गर्भधारणांपैकी साधारण १५ अशा संपतात, आणि त्यातल्या बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. जगभरात वर्षाला सुमारे २ कोटी ३० लाख असे आपोआप गर्भपात होतात, असा अंदाज २०२१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापला होता. म्हणजे रांगेत पंचवीस जणी असतील, तर त्यांत ही गोष्ट सोसलेल्या तिघी-चौघी सहज असतील. पण त्यांना एकमेकींचा पत्ता नसतो.

पुन्हा दिवस राहिले की घरात आनंद होतो आणि तिच्या पोटात गोळा येतो. लघवीला गेलं की दर वेळी कपड्यावर डाग आहे का ते पाहायचं, मळमळ कमी झाली तरी घाबरायचं, छाती दुखायची थांबली तरी घाबरायचं. लंडनच्या रुग्णालयांत झालेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भ गमावलेल्या बायकांपैकी २९ टक्क्यांमध्ये महिन्याभरानंतर मानसिक आघाताची लक्षणं होती आणि नऊ महिन्यांनीही १८ टक्क्यांमध्ये ती टिकून होती. नऊ महिन्यांत अनेक जणींना पुन्हा दिवस राहिलेले असतात. म्हणजे जुना घाव ओला असतानाच नवं गरोदरपण सुरू होतं. त्यात आपल्याकडची रीत अशी, की तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. दृष्ट लागू नये हा त्यामागचा भाव आम्हाला कळतो. पण सगळ्यांत जास्त भीतीचे १२ आठवडे ती बाई त्यापायी एकटीने काढते. ९ तारखेचं अभियानही मुख्यतः चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांसाठी आहे. म्हणून या पाऊण तासासाठी पहिल्या तिमाहीतल्या बायकांनाही आशाताईंनी बोलावून आणावं.

आता गट कसा बसवायचा ते. सहा ते आठ जणी पुरे. दहाच्या वर गेल्या की दोघी-तिघीच बोलतात आणि बाकीच्या पदराशी चाळा करत बसतात. महिने वेगवेगळे असावेत. सहाव्या आठवड्यातल्या बाईला अठ्ठाविसाव्या आठवड्यातली समोर बसलेली दिसणं, याचा जेवढा आधार होतो तेवढा कुठल्याही भाषणाचा होत नाही. मात्र एक ध्यानात ठेवावं. "बारा आठवडे झाले, आता सुटलीस" हे सगळ्यांना लागू नाही. जिचं बाळ विसाव्या आठवड्यात गेलं, तिची भीती बाराव्यानंतर चढत जाते. अशा दोघी तरी एका गटात असाव्यात, नाहीतर ती एकटी पडते.

खोलीत खुर्च्या हव्यात, कारण गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातलेल्या बाईला सतरंजीवरून उठ-बस करणं अवघड जातं. स्वच्छतागृह जवळ असावं. भिंतीवर गुटगुटीत बाळांची पोस्टरं असतील तर तेवढ्या वेळापुरती काढून ठेवावीत. दार लागलंच पाहिजे. पडदा असलेल्या खोलीत कुणी रडत नाही आणि कुणी विचारतही नाही.

गटाला एक सखी लागते. सखी म्हणजे गर्भपातानंतर पुढचं बाळंतपण नीट पार पडलेली, सध्या गरोदर नसलेली बाई, जिला स्वतःची कहाणी आवरता येते. शेवटची अट महत्त्वाची. जी अजून स्वतःच्या दुःखातून बाहेर आलेली नाही, ती दर बैठक आपल्याकडे ओढून नेते, यात तिचा दोष नसला तरी. गोव्यात 'संगाथ' संस्थेने गरोदरपणातल्या नैराश्यासाठी अशाच शेजारपाजारच्या बायकांना शिकवून तयार केलं, त्यांना नावही 'सखी' हेच होतं, आणि २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा सखी भेटलेल्या बायका बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी अधिक प्रमाणात सावरलेल्या दिसल्या. झारखंड-ओडिशात 'एकजुट' संस्थेचे महिला गट गावातल्याच बाईने चालवले. २०१० मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात नवजात बाळांचे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने कमी झाले होते आणि तिसऱ्या वर्षी मातांचं मध्यम स्वरूपाचं नैराश्य ५७ टक्क्यांनी कमी आढळलं. हे दोन्ही अभ्यास गर्भपातानंतरच्या गर्भवतींपुरते नव्हते. पण पदवी नसलेली, समज असलेली बाई हे काम करू शकते, हे त्यांतून दिसतं.

पाऊण तासाची आखणी साधी असावी. सुरुवातीला प्रत्येकीने नाव, कितवा आठवडा आणि आज मनात काय आहे, एवढंच सांगायचं. "मागच्या वेळी काय झालं?" असं सखीने विचारायचं नाही. कुणी आपण होऊन सांगितलं तर ऐकायचं, मध्ये तोडायचं नाही, पण त्यावर दुसरीची, तिसरीची, आणखी भयंकर कहाणी चढू द्यायची नाही. हे झालं की गट बिघडतोच. नव्याने आलेली सहाव्या आठवड्यातली बाई घरी जाते ती पाच नव्या भीत्या घेऊन, आणि पुढच्या महिन्यात येत नाही. "देवाच्या मनात नव्हतं", "तुझं वय आहे अजून", "निदान राहतं तरी" ही तीन वाक्यं गटात बंद. त्यापेक्षा "सोनोग्राफी कधी आहे? सोबत कोण येणार?" हे विचारावं.

मधली पंधरा मिनिटं परिचारिकेने एकच विषय घ्यावा. आणि शेवटची दहा मिनिटं ज्यासाठी राखायची, तो आमच्या मते या सगळ्याचा गाभा आहे. प्रत्येकीने पुढच्या महिन्यातल्या आपल्या अवघड तारखा सांगायच्या. सोनोग्राफीची तारीख असते. मागचं बाळ ज्या आठवड्यात गेलं तो आठवडा असतो. मागच्या वेळी डॉक्टरांनी दिलेली बाळंतपणाची तारीख असते, जी घरात कुणाच्याही लक्षात नसते, फक्त तिच्या असते. या तारखा तिच्या जोडीदारणीने आपल्या वहीत किंवा फोनमध्ये लिहून घ्यायच्या. गटात दोघी-दोघींच्या जोड्या लावून दिलेल्या असतात. सोनोग्राफीच्या आदल्या संध्याकाळी जोडीदारणीने एक फोन करायचा, आणि सोनोग्राफीनंतर जिची तपासणी असेल तिनेच करायचा. पलीकडचीने "काय झालं?" म्हणून मागे लागायचं नाही. ही शिस्त पाळली की वाईट बातमी आली तरी तिला ती आपल्या वेळेने सांगता येते.

व्हॉट्सअ‍ॅपचा गट करावा की नाही, यावर आमच्यातही मतभेद आहेत. केलाच तर नाव साधं ठेवा, 'नऊ तारीख' वगैरे. फोन घरातले सगळे हाताळतात, आणि दिवस राहिल्याचं सासरी अजून सांगितलेलं नसतं. रात्री नऊनंतर संदेश नकोत. सोनोग्राफीचे फोटो आणि रक्ताचे रिपोर्ट टाकायचे नाहीत. एकीचा बीटा एचसीजीचा (गरोदरपणात रक्तात तपासतात त्या संप्रेरकाचा) आकडा पाहून दुसरी आपल्या आकड्याशी ताडून बघते, आणि दोघींचे आठवडे, प्रयोगशाळा, वेळ सगळंच वेगळं असतं. रक्तस्राव होत असेल तर तो गटात लिहायचा नाही, दवाखान्यात फोन करायचा. थोडा डाग असला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. तासाभरात पॅड भिजत असेल, चक्कर येत असेल, एका बाजूला ओटीपोटात किंवा खांद्यात तीव्र दुखत असेल, तर १०८ ला फोन. रात्री दोन वाजता गटावर "मला जरा डाग दिसतोय, कुणाला असं झालं होतं का?" असा संदेश पडतो आणि पाच जणी "मला झालं होतं, काही होत नाही" असं उत्तर देतात. यात जीव जाऊ शकतो. गर्भनलिकेत गर्भ राहिलेला असेल तर तासातासाला महत्त्व असतं.

औषधांबाबत नियम कडक हवा. कुणीही कुणाला गोळी सुचवायची नाही आणि द्यायची तर मुळीच नाही. एका बाईला अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी आणि पोटात घ्यायची, रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या हेपरिनची इंजेक्शनं असतात, कारण तिच्या रक्तात विशिष्ट प्रतिपिंडं सापडलेली असतात, तीही बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासून. शेजारचीला वाटतं, आपल्याला का नाहीत? प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या औषधाचंही तेच. ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासांतून (२०१५ आणि २०१९) असं दिसलं, की वारंवार गर्भपात झालेल्या पण आता रक्तस्राव नसलेल्या बायकांना त्याचा फायदा झाला नाही. फायदा दिसला तो आधी गर्भपात झालेल्या आणि या खेपेला रक्तस्राव होत असलेल्यांना. हे परिचारिकेने समजावून सांगितलं तर ज्यांना ती गोळी दिलेली नाही त्यांचा जीव भांड्यात पडतो.

तसंच बेडरेस्टचं. सासरी कौतुकाने तीन-तीन महिने झोपवून ठेवतात. अंथरुणावर पडून राहिल्याने गर्भपात टळतो याला पुरावा नाही. उलट फार काळ हालचाल बंद झाली तर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी जवळपास निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. पपई खाल्ली, एसटीचे धक्के बसले, हंडा उचलला, नवऱ्याशी भांडण झालं, यांनी तो दोष येत नाही. हे वाक्य गटात पुन्हा पुन्हा म्हणावं लागतं, कारण घरी गेल्यावर पुन्हा कुणीतरी पपईचं विचारतं. जिथे खरंच काही करता येतं तिथे मात्र गटाने आग्रही असावं: थायरॉइड आणि साखर तपासली का, फॉलिक अ‍ॅसिड रोज घेते का, मिश्री सुटली का. मिश्रीचा विषय आमच्या भागात लाजेने टाळला जातो. सखीने तो स्वतः काढावा.

एका गोष्टीवर आम्ही मुद्दाम थांबतो, कारण इथे अज्ञानाने नुकसान होतं. सहाव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली आणि "ठोके दिसत नाहीत" असं सांगितलं, की बाई तिथेच खचते आणि घरचे पिशवी साफ करायची घाई करतात. पाळी अनियमित असेल तर आठवड्यांचा हिशेब चुकलेला असू शकतो. मान्य पद्धत अशी आहे: पोटातल्या सोनोग्राफीत नव्हे, तर योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाची लांबी ७ मिलिमीटरपेक्षा कमी असेल आणि ठोके नसतील, तर किमान सात दिवसांनी पुन्हा पाहायचं. गर्भ दिसतच नसेल आणि गर्भ वाढतो त्या आतल्या पिशवीचा सरासरी व्यास २५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तरी थांबून पुन्हा पाहायचं. रिपोर्टवर हे आकडे लिहिलेले असतात. बाईने डॉक्टरांना "आठवड्याने पुन्हा बघू का?" एवढं विचारलं पाहिजे, आणि ते विचारायचं बळ तिला गटातून मिळालं पाहिजे. ते सात दिवस फार कठीण जातात. जोडीदारणीचं खरं काम त्या सात दिवसांत असतं. रोज एक फोन, आणि त्यात "सगळं चांगलंच होईल" हे वचन न देणं.

गटातल्या एखादीचा पुन्हा गर्भपात झाला तर काय करायचं, हे पहिल्याच महिन्यात ठरवून ठेवावं. एकदा गर्भपात झालेल्या बहुतेक बायकांचं पुढचं बाळंतपण नीट होतं, हे खरं. पण गट चालला की कधीतरी ही वेळ येतेच, आणि आधी ठरलेलं नसेल तर सगळ्या गप्प होतात. तिला वाटतं आपल्याला वाळीत टाकलं. सखीने त्याच दिवशी फोन करावा किंवा भेटावं. गटाला सांगू का, आणि कोणत्या शब्दांत, हे तिलाच विचारावं. बाकीच्यांना एकेकीला फोन करून सांगावं, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहू नये. तिचं नाव गटातून आपण होऊन काढू नये, यायचं की नाही ते तिने ठरवावं. कुणाला पुढच्याच बैठकीला यावंसं वाटतं, कुणाला वर्षभर नको असतं.

त्या दिवसांत तिला चार कामांची आठवण करून देणारं माणूस लागतं. रक्तगट ऋण (निगेटिव्ह) असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं डॉक्टरांना लगेच विचारायचं, कारण ते ७२ तासांच्या आत द्यायचं असतं. मागच्या वेळी ते राहून गेलं असेल तर पुढच्या गरोदरपणात पहिल्याच भेटीत सांगायचं. नोकरी असेल तर डिस्चार्ज कार्ड जपून ठेवायचं: १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची भरपगारी रजा दिली आहे आणि सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे, पण पुरावा द्यावा लागतो. चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर गर्भ गेला असेल तर दोन-तीन दिवसांत छातीत दूध उतरू शकतं. हे कुणी आधी सांगत नाही आणि त्या बाईवर आभाळ कोसळतं. दूध पिळून काढू नये, आधार देणारी घट्ट ब्रा घालावी, थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात, दूध थांबवायची गोळी हवी असेल तर डॉक्टरांना विचारावं. छाती लाल झाली, ताप आला तर दवाखाना गाठावा. आणि आशाताईंनी नोंदवहीतली व संगणकातली तिची नोंद तातडीने बदलून घ्यावी, म्हणजे सातव्या महिन्यात कुणी दारात येऊन "डिलिव्हरी कुठे करणार?" असं विचारणार नाही.

उदासी ही दुःखापलीकडे गेली आहे का, हे ओळखायला नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही चाचणी मराठीत उपलब्ध आहे. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले तर डॉक्टरांकडे पाठवावं. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं तर गुण मोजत बसू नये, तिला एकटीला घरी पाठवू नये. १४४१६ या टेलिमानसच्या मानसिक आरोग्य मदत-क्रमांकावर दिवसरात्र बोलता येतं. सखीलाही महिन्यातून एकदा समुपदेशकापाशी बसून मन मोकळं करायची सोय हवी. दोन-तीन गर्भपातांच्या बातम्या पाठोपाठ पचवलेली सखी तशी सोय नसेल तर काम सोडते.

नवरे बाहेर मोटारसायकलीपाशी उभे असतात. त्यांना आत घेऊ नये, पण तीन महिन्यांतून एकदा त्यांची आणि सासवांची वेगळी बैठक घ्यावी. त्यांनाही मूल गेल्याचं दुःख असतं, आणि ते बोलायला त्यांच्याकडे जागाच नसते. गर्भलिंगाची चर्चा कुठल्याच बैठकीत नको. गर्भलिंग तपासणं आणि सांगणं हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहेच, आणि "या वेळी तरी मुलगा" हे ओझं या बायकांच्या डोक्यावर आणखी एक.

ऊसतोडीच्या पट्ट्यात दिवाळीनंतर गट विस्कटतात. कोयता (ऊसतोड करणारं जोडपं) कारखान्यावर गेला की तपासणीही सुटते आणि जोडीदारणही. निघण्याआधीच्या बैठकीत कार्ड, रिपोर्ट आणि रक्तगट लिहिलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत सोबत द्यावा, तिकडच्या आरोग्य केंद्राचा फोन लिहून द्यावा आणि जोडीचा फोन चालू ठेवावा. या बायकांना कुठली भरपगारी रजा मिळत नाही. त्यांच्यासाठी कारखान्याच्या तळावरच गट बसवावा, ही आमची वेगळी मागणी आहे.

जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना आमची विनंती: अशा बैठकीसाठी आशाताईंना ठरावीक मोबदला द्या, सखीला प्रवासखर्च द्या आणि 'ए १' रांगेत मोठ्याने वाचू नये अशी लेखी सूचना काढा. वाचक भगिनींपैकी ज्यांचं गर्भपातानंतरचं बाळंतपण नीट पार पडलं आहे आणि ज्यांना महिन्यातली एक दुपार देता येईल, त्यांनी आपल्या गावच्या आशाताईंना तसं सांगून ठेवावं. येत्या ९ तारखेला तीन गर्भवती, एक परिचारिका आणि एक सखी जमली तरी सुरुवात करता येते.

आपल्या,
गर्भवतींच्या गटांसोबत काम करणाऱ्या काही परिचारिका, समुपदेशक व आशा कार्यकर्त्या